बारा अंकी संख्या हाताने कशी उलगडावी: चिक्कोडीच्या पिनकोडापासून सुरुवात

बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडीचा पिनकोड ५९१२०१. तो सलग दोनदा लिहा: ५९१२०१५९१२०१. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ५,९१,२०,१५,९१,२०१. वाचताना एकोणसाठ हजार एकशे वीस कोटी, पंधरा लाख, एक्क्याण्णव हजार दोनशे एक. या एकाच संख्येचे अवयव, विभाजक, ती वर्ग आहे की नाही, दोन वर्गांची बेरीज होते की नाही, गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या कसोट्यांवर ती काय करते, हे सगळं आपण कागदावर काढणार आहोत. चौकटीची वही, पेन्सिल आणि १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी जवळ ठेवा. दुकानात असतो तसला १२ अंकी कॅल्क्युलेटर असला तरी चालेल. ही संख्या त्यात जेमतेम मावते. मात्र तो फक्त ताळा पाहण्यासाठी वापरा.

पिनकोडच का, ते सांगतो. सीमाभागातल्या मराठी शाळांची मुलं माझ्याकडे रविवारी गणिताला येतात. त्यांना मोठी संख्या फळ्यावर लिहून दिली की ती परकी वाटते, आणि स्वतःच्या गावाची दिली की ती लगेच वहीत उतरते. शिवाय पिनकोड प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर उतरवता येत नाही. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली, हेही मुलांना मी आवर्जून सांगतो. पहिला अंक विभागाचा. आपला ५, सीमेपलीकडच्या कोल्हापूरचा ४. बेळगाव शहर ५९० ने सुरू होतं. चिक्कोडी, निपाणी, खानापूर ५९१ ने.

आधी बघा, मग भागा

मोठी संख्या दिसली की बहुतेक जण २, ३, ५, ७ ने भागायला सुरुवात करतात. थोडा हिशोब करा. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निव्वळ भागून ठरवायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. आपल्या संख्येचं वर्गमूळ ७,६८,८९६ च्या किंचित पुढे आहे, आणि तिथपर्यंत साठ हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. हा रस्ता माणसाचा नाही.

मग करायचं काय? संख्या कशी तयार झाली आहे ते बघायचं. माझ्या मते मोठ्या संख्येच्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची सवय हीच आहे, आणि शाळेत तिला सगळ्यात कमी वेळ मिळतो. आपली संख्या म्हणजे उजवीकडे एक ५९१२०१ आणि सहा घरं डावीकडे सरकवलेला दुसरा ५९१२०१. सहा घरं सरकवणं म्हणजे दहा लाखांनी गुणणं. म्हणून

५९१२०१५९१२०१ = ५९१२०१ × १००००००  +  ५९१२०१ = ५९१२०१ × १०००००१

एका ओळीत बारा अंकी प्रश्नाचे एक सहा अंकी आणि एक सात अंकी असे दोन प्रश्न झाले. त्यातला १०००००१ चा भाग कुठल्याही पिनकोडाला तोच राहणार आहे. तो एकदा नीट सोडवला की निपाणीला, खानापूरला, अगदी पुण्या-मुंबईलाही चालेल.

१०००००१ चे अवयव

९ आणि ११ च्या कसोट्या सगळ्यांना पाठ असतात. १०१ ची कसोटी फारशी शिकवत नाहीत, पण ती ११ च्या कसोटीचीच मोठी बहीण आहे. १०० ला १०१ ने भागलं तर बाकी उणे १ राहते असं धरता येतं. म्हणून संख्येचे उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट पाडायचे आणि एक अधिक, एक उणे असं करत जायचं. उत्तर शून्य किंवा १०१ ची पट आलं की भाग जातो.

आपल्या बारा अंकी संख्येवरच करून बघा. गट पडतात ५९ | १२ | ०१ | ५९ | १२ | ०१. उजवीकडून: ०१ − १२ + ५९ − ०१ + १२ − ५९ = ०.

इथे घाईने पुढे जाऊ नका. बाकी शून्य का आली ते बघा. सहा अंकांत दोन-दोनचे तीन गट, म्हणजे विषम. त्यामुळे दुसऱ्यांदा तेच गट येतात तेव्हा प्रत्येकाचं चिन्ह उलटलेलं असतं आणि सगळे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे दोनदा लिहिलेल्या कुठल्याही सहा अंकी संख्येला १०१ ने नि:शेष भाग जातोच. हे मुलांना कळतं तेव्हा ती पटापटा आपापले पिनकोड लिहून खात्री करायला लागतात.

१०००००१ ÷ १०१ = ९९०१. ताळा सोपा आहे: ९९०१०० + ९९०१ = १०००००१.

आता ९९०१. याचं वर्गमूळ ९९.५ च्या आसपास, म्हणजे ९७ पर्यंतच्या सगळ्या २५ मूळ संख्या तपासायच्या. ज्याला भागाकाराचा सराव हवा आहे त्याने त्या सगळ्या कराव्यात. पण इथे एक सुरेख आडवाट आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

समजा प नावाच्या मूळ संख्येने ९९०१ ला भाग जातो. मग तिने १०००००१ लाही भाग जातो. म्हणजे प ने भागताना १० च्या सहाव्या घाताची बाकी उणे १ आहे, आणि त्याचा वर्ग केला की बाराव्या घाताची बाकी १ झाली. आता विचारा: १० चा सगळ्यात लहान कितवा घात १ बाकी देतो? तो आकडा १२ चा विभाजक असला पाहिजे. पण तो ६ चा विभाजक असून चालणार नाही, कारण तसं असतं तर सहाव्या घाताचीही बाकी १ आली असती, उणे १ नव्हे. १२ च्या विभाजकांतून १, २, ३, ६ गेले. उरले ४ आणि १२. ४ असेल तर प ने ९९९९ ला भाग जातो, पण ९९ ला जात नाही. तशी मूळ संख्या एकच, १०१. आणि १०१ ने ९९०१ ला भागलं तर ३ बाकी राहते. म्हणजे ४ गेला, १२ उरला. फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे हा आकडा (प − १) चा विभाजक असतो. म्हणून प म्हणजे १२ च्या पटीत १ मिळवून येणारी संख्याच असली पाहिजे.

९९ च्या आत अशा मूळ संख्या पाचच: १३, ३७, ६१, ७३, ९७. ९९०१ ला त्यांनी भागून बाक्या येतात अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. एकही शून्य नाही. ९९०१ मूळ आहे. पंचवीस भागाकारांचं काम पाचात झालं, आणि तेही अंदाजाने नाही, पुराव्यासह.

५९१२०१ चे अवयव

हा भाग आपल्या गावाचा स्वतःचा. अंकांची बेरीज ५+९+१+२+०+१ = १८, म्हणून ९ ने भाग जातो. ५९१२०१ ÷ ९ = ६५६८९. याच्या अंकांची बेरीज ३४, म्हणजे आता ३ सुद्धा चालणार नाही.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी एकच कसोटी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. इथे तीन-तीन अंकांचे गट पाडून अधिक-उणे करायचं: २०१ − ५९१ = −३९०. ३९० ला १३ ने भाग जातो, ७ ने जात नाही (बाकी ५), ११ नेही जात नाही (बाकी ५). एका वजाबाकीत तिघांचा निकाल. ६५६८९ ÷ १३ = ५०५३.

५०५३ चं वर्गमूळ ७१ च्या जरा पुढे. १३ परत एकदा बघायचा, बाकी ९. मग १७ ला ४, १९ ला १८, २३ ला १६, २९ ला ७, आणि ३१ ला शून्य. ५०५३ = ३१ × १६३. १६३ ला ११ पर्यंत तपासलं की पुरे, ती मूळ आहे.

तर पूर्ण उत्तर:

५९१२०१५९१२०१ = ३ × ३ × १३ × ३१ × १०१ × १६३ × ९९०१

अंकगणिताचं मूलभूत प्रमेय एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या मुलांना असतंच. त्याचा अर्थ असा की हे अवयव कोणी कुठल्याही वाटेने काढले तरी हेच येणार, फक्त क्रम पुढेमागे. यातल्या १६३ वर क्षणभर थांबा. क्ष चा वर्ग + क्ष + ४१ या राशीत क्ष ला ० पासून ३९ पर्यंतच्या किमती दिल्या तर चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्याच येते. ऑयलरने १८ व्या शतकात दाखवलेली ही गोष्ट. आणि ती तशी का घडते याचं मूळ १६३ या संख्येत आहे (४ × ४१ − १ करून बघा). चिक्कोडीच्या पिनकोडात ती निघावी याचा मला मनापासून आनंद झाला.

ताळा कसा बघायचा

जुन्या लोकांचा नवाचा ताळा इथे कमी पडतो, हे ध्यानात ठेवा. संख्येत ९ हा अवयवच असल्यामुळे बाकी शून्यच येते, आणि उरलेल्या अवयवांत चूक झाली असली तरी शून्यच येत राहील. अशा वेळी अकराचा ताळा घ्या. ११ ने भागून बाक्या: ९ ची ९, १३ ची २, ३१ ची ९, १०१ ची २, १६३ ची ९, ९९०१ ची १. आता गुणत चला आणि मधेमधे ११ ने भागून बाकी तेवढी ठेवा: ९ × २ = १८, म्हणजे ७. ७ × ९ = ६३, म्हणजे ८. ८ × २ = १६, म्हणजे ५. ५ × ९ = ४५, म्हणजे १. १ × १ = १.

आपल्या बारा अंकी संख्येची बाकी वेगळी काढा. उजवीकडून एक-एक अंक अधिक-उणे: पहिल्या सहांचे १ − ० + २ − १ + ९ − ५ = ६, पुढच्या सहांचेही ६, एकूण १२, बाकी १. जुळलं.

अवयव हाती आले की बाकीचं आपोआप

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव किती वेळा घ्यायचा याचे पर्याय मोजा. ३ शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो, म्हणजे ३ पर्याय. बाकी पाच मूळ संख्या प्रत्येकी घ्यायच्या किंवा सोडायच्या, म्हणजे २-२ पर्याय. ३ × २ × २ × २ × २ × २ = ९६. एवढ्या मोठ्या संख्येला नेमके ९६ विभाजक आहेत आणि आपण त्यांची यादी न करता ते सांगू शकलो.

या ९६ विभाजकांची बेरीजही यादीशिवाय मिळते. प्रत्येक मूळ अवयवासाठी एक कंस मांडा: (१+३+९), (१+१३), (१+३१), (१+१०१), (१+१६३), (१+९९०१). म्हणजे १३ × १४ × ३२ × १०२ × १६४ × ९९०२. टप्प्याटप्प्याने १८२, ५८२४, ५,९४,०४८, ९,७४,२३,८७२ आणि शेवटी ९,६४,६९,११,८०,५४४. शेवटचा गुणाकार १०००० ने करून ९८ पट वजा करा, हाताने करताना कमी चुका होतात.

यातून संख्या स्वतः वजा केली तर ३,७३,४८,९५,८९,३४३ उरतात. हे आपल्या संख्येपेक्षा कमी आहेत, म्हणून ती न्यून संख्या. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येणारी) नाही. तशीही विषम परिपूर्ण संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

तिच्याशी सहमूळ असलेल्या, तिच्याहून लहान संख्या किती, हेही त्याच पद्धतीने, प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून (९ साठी मात्र ९ − ३ = ६): ६ × १२ × ३० × १०० × १६२ × ९९०० = ३,४६,४२,०८,००,०००.

पूर्ण वर्ग आहे का?

अवयव बघून उत्तर लगेच देता येतं: १३ एकदाच आला, म्हणून नाही. पण अवयव माहीत नसताना काय? ही संख्या त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण नेहमीच्या सगळ्या कसोट्या ती पार करते. शेवटचा अंक १, वर्गाला चालतो. विषम वर्गाला ८ ने भागून बाकी १ राहावी लागते. शेवटचे तीन अंक २०१, बाकी १, हेही चाललं. अंकांची बेरीज ३६, तिचा अंकमूल (एकच अंक उरेपर्यंत बेरीज करत गेल्यावर येणारा अंक) ९. वर्गाचा अंकमूल १, ४, ७ किंवा ९ असतो, तोही बसला. ११ ने बाकी १, तीही वर्गाला चालते.

मुलं इथे हमखास म्हणतात, “सर, वर्गच आहे की ही!” या कसोट्या फक्त ‘नाही’ म्हणू शकतात, ‘हो’ म्हणणं त्यांच्या हातात नाही, हे शिकवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. मग युक्ती अशी: ९ स्वतः वर्ग आहे. संख्या वर्ग असेल तर तिला ९ ने भागून आलेली संख्याही वर्ग असली पाहिजे. भागाकार आहे ६५६८९०६५६८९, अंकांची बेरीज ६८, मग १४, मग ५. वर्गाचा अंकमूल ५ कधीच नसतो. संपलं.

हाच ६५,६८,९०,६५,६८९ चा भागाकार आणखी एक उत्तर देतो: आपल्या संख्येला गुणून पूर्ण वर्ग करणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे.

दोन वर्गांची बेरीज

एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, याचा नियम असा: ४ ने भागून ३ बाकी देणारे मूळ अवयव सम वेळा आले पाहिजेत. आपल्याकडे ३ दोनदा आला, तो चालेल. पण ३१ आणि १६३ दोघेही ३ बाकी देतात आणि एकेकदाच आलेत. म्हणून पूर्ण संख्येला जमत नाही.

१०००००१ ला मात्र जमतं, आणि एकदा नव्हे, दोनदा. १०१ म्हणजे १० चा वर्ग अधिक १ चा वर्ग. ९९०१ म्हणजे ९९ चा वर्ग अधिक १० चा वर्ग (९८०१ + १००). आता ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये दिलेला नियम लावा: दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन प्रकारे मिळतो. १० व १, ९९ व १० या जोड्या घ्या. एका प्रकारे ९९० + १० = १००० आणि १०० − ९९ = १. दुसऱ्या प्रकारे ९९० − १० = ९८० आणि १०० + ९९ = १९९.

१००० चा वर्ग + १ चा वर्ग = ९८० चा वर्ग + १९९ चा वर्ग = १०००००१

९६०४०० + ३९६०१ मिळवून बघा. पहिला प्रकार कोणालाही दिसेल. दुसरा प्रकार अवयवांशिवाय सुचणं अवघड आहे.

कापरेकरांच्या कसोट्या

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे डहाणूत जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे गणिताचे मास्तर. संशोधन संस्था नाही, मोठी पदवी नाही, हातात खडू आणि डोक्यात संख्या. मराठी शाळेतल्या मुलाला हे नाव माहीत नसेल तर ती आपली उणीव आहे असं मी मानतो.

इथे एक फरक समजावून घ्या. आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे स्वतःचे होते. आपल्याकडची मुलं मराठी अंक लिहितात, बसच्या पाटीवरचा कन्नड अंकही वाचतात. लिपी कुठलीही असो, अवयव बदलत नाहीत, आणि दशमान सोडून दुसऱ्या पायात (दहाऐवजी समजा दोन किंवा आठच्या गटांनी मोजून) लिहिलं तरीही बदलत नाहीत. कापरेकरांचे बरेच गुणधर्म मात्र अंकांवर उभे आहेत. लिपी बदलून त्यांना फरक पडत नाही, पाया बदलला तर पडतो.

हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. आपली बेरीज ३६, आणि ३६ सम. विषम संख्येला सम संख्येने भाग जाणं शक्य नाही, म्हणून ती हर्षद नाही. पुढे जाऊन बघा: कुठलीही संख्या दोनदा लिहिली की अंकांची बेरीज दुप्पट, म्हणजे समच होते. म्हणून विषम पिनकोड दोनदा लिहून हर्षद संख्या कधीच मिळणार नाही.

स्वयंभू संख्या म्हणजे जिला ‘जनक’ नाही अशी. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी येते तिची ती जनक. ५९१२०१ चा जनक शोधायचा तर सगळे आकडे चाचपायची गरज नाही. नवाच्या हिशोबाने जनकही ९ च्या पटीतच हवा. म्हणून ५९११९२, ५९११८३, ५९११७४ असे नऊ-नऊने मागे जा. तिसराच सापडतो: ५९११७४ च्या अंकांची बेरीज २७, आणि ५९११७४ + २७ = ५९१२०१. म्हणून स्वयंभू नाही.

आता त्यांची सगळ्यात गाजलेली कृती. १९४९ मध्ये त्यांनी दाखवलं की चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नसावेत) उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढता क्रम वजा करत राहिलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. सहा अंकी पिनकोडावर तेच करू. शून्य सोडायचं नाही, चढत्या क्रमात ते पुढे लिहायचं.

९५२११० − ०११२५९ = ९४०८५१
९८५४१० − ०१४५८९ = ९७०८२१
९८७२१० − ०१२७८९ = ९७४४२१
९७४४२१ − १२४४७९ = ८४९९४२
९९८४४२ − २४४८९९ = ७५३५४३
७५५४३३ − ३३४५५७ = ४२०८७६

पुढे थांबत नाही. ४२०८७६ वरून ८५१७४२, मग ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि ६४२६५४ वरून पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचं चक्र. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा स्थिर संख्याही आहेत, पण चिक्कोडी चक्रात जाते. प्रत्येक वजाबाकीनंतर उत्तराला ९ ने भाग जातो का बघा. दोन्ही संख्यांचे अंक तेच असल्यामुळे तो जायलाच हवा. गेला नाही तर हातचा चुकला. वर्गात हे करताना हातचे घेण्याची शिस्त इतकी पक्की होते, की पाचवी-सहावीच्या शिक्षकांनी हा खेळ जरूर घ्यावा.

१ ला या संख्येने भागलं तर

दशांश कधीच संपणार नाही, कारण अवयवांत २ आणि ५ नाहीत. किती अंकांनंतर तेच अंक परत सुरू होतील, हे अवयवांवरून कळतं. प्रत्येकाचं आवर्तन वेगळं: ९ चं १, १३ चं ६, ३१ चं १५, १०१ चं ४, १६३ चं ८१, ९९०१ चं १२. यांचा लसावि काढा: १६२०. म्हणजे १ ला आपल्या संख्येने भागत बसलात तर १६२० अंकांचा गट पुन्हापुन्हा येत राहील. लसावि कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्याला हे उत्तर द्या. ९९०१ चं आवर्तन १२ आहे हे आपण वर आडवाटेने जाताना सिद्ध केलंच होतं.

घडण नसेल तर

ही संख्या आपल्यापुढे उघडी पडली ती तिच्यात पुनरावृत्ती होती म्हणून. मुद्दाम घडण लपवलेल्या संख्या वेगळ्या. मोबाईलवरचे बँक व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार वापरण्याची पद्धत आहे. २०४८ बिटांची अशी संख्या ६१७ अंकी असते. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकांच्या एका संख्येचे अवयव काढले गेले, तर त्यालाच अनेक संगणकांचं भरपूर काम लागलं. ६१७ अंकांपुढे आजच्या ज्ञात पद्धती थकतात.

तुम्ही स्वतः जरा मोठ्या संख्या घेणार असाल तर एक सूचना. एक्सेलमध्ये १५ अंकांपुढचे अंक शून्य होऊन जातात. तिथे बाकी तपासली तर उत्तर चुकेल आणि ते कळणारही नाही. तीन-तीन अंकांचे गट पाडून हातानेच करा.

आपापल्या गावाचं करा

निपाणी, ५९१२३७: ९ ने भागून ६५६९३ येतात. त्यांना भागत १७९ पर्यंत जावं लागतं, १७९ × ३६७. खानापूर, ५९१३०२: सम आहे, २९५६५१ उरतात, ते ४१ ला सुटतात आणि ७२११ ही मूळ संख्या राहते. दोन्हीकडे शेवटी १०१ × ९९०१ जोडायचे. या दोघींपैकी कोणतीही दोनदा लिहून दोन वर्गांची बेरीज होत नाही. का ते १७९ आणि ७२११ ला ४ ने भागून बघा.

बेळगाव शहराचा ५९०००१ मात्र चिवट आहे. दिसायला सगळ्यांत सोपा, मधे तीन शून्यं. ३ ने भागून १९६६६७ येतात, आणि त्यानंतर एकामागून एक मूळ संख्या नकार देत जातात. वर्गमूळ ४४३ च्या पुढे आहे, त्यामुळे मधेच ‘मूळ असावी’ म्हणून सोडायचा मोह होतो. सोडू नका. प्रत्येक भागाकाराची बाकी वहीत ओळीने लिहीत जा, म्हणजे एखादी मूळ संख्या राहून गेली तर रिकामी जागा दिसते. चव्वेचाळिसाव्या मूळ संख्येला, म्हणजे १९३ ला, बाकी शून्य येते: १९६६६७ = १९३ × १०१९. आता १०१९ मूळ आहे की नाही, ते ३१ पर्यंत भागून तुम्हीच ठरवा.